मिरचीच्या पथारीवरचं थर्मोडायनॅमिक्स

प्राध्यापक निवृत्त होतात तेव्हा त्यांच्या गौरवपत्रात काय लिहिलेलं असतं? इतके शोधनिबंध, इतके पीएच.डी.चे विद्यार्थी, इतक्या परिषदा, अभ्यास मंडळावर इतकी वर्षं. शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतात, जेवणं होतात. माणूस मेकॅनिकलचा असेल तर त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांनी कुठलं यंत्र नव्यानं केलं, जिल्ह्यातलं कुठलं अवघड काम त्याच्यामुळे थोडं सोपं झालं, याबद्दल मात्र एक ओळही सापडत नाही. यात गौरवपत्र लिहिणाऱ्याचा दोष नाही. प्राध्यापक मोजायला आपण जी पट्टी हातात घेतली आहे, तिच्यावर या कामाच्या खुणाच नाहीत.

ही पट्टी बदलली पाहिजे, आणि या बदलाची सर्वांत जास्त निकड खानदेशात आहे, असं माझं ठाम मत आहे. मी याच भागातल्या एका महाविद्यालयातून मेकॅनिकल करून बाहेर पडलो. आज त्या शाखेची अवस्था बघवत नाही. राज्यभर मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या जागा कमी करून कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या जागा वाढवल्या जात आहेत. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय परिषदेनं, चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादाही काढली. त्यामुळे मोठ्या शहरांतली नावाजलेली महाविद्यालयं कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणची महाविद्यालयं उरलेल्या विद्यार्थ्यांमागे धावतात. या धावपळीत मेकॅनिकलचा विभाग म्हणजे जागा अडवून बसलेलं जुनं वर्कशॉप, अशी नजर तयार झाली आहे. अशा वेळी मेकॅनिकलचा प्राध्यापक नेमका कशासाठी असतो, हे सांगता आलं नाही तर तो विभाग वाचवायचा कशाच्या जोरावर?

माझ्यापुरतं उत्तर शोधताना मला एक नाव नेहमी आठवतं. डॉ. सुहास पांडुरंग सुखात्मे. जन्म १९३८चा. बनारस हिंदू विद्यापीठातून १९५८ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी, मग अमेरिकेत एमआयटीमध्ये पुढचं शिक्षण आणि १९६४ साली तिथली डॉक्टरेट. १९६५ मध्ये ते आयआयटी मुंबईत शिकवायला आले. पवईची ती संस्था तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. उष्णता संक्रमण हा त्यांचा विषय. १९८३ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, १९९५ ते २००० ते आयआयटी मुंबईचे संचालक होते, पुढे अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले, २००१ साली पद्मश्री मिळाली. गौरवपत्र इथे संपलं असतं. माझ्या लेखी महत्त्वाचं आहे ते या यादीच्या बाहेरचं.

सौरऊर्जेवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक १९८४ साली आलं. तेव्हा सौर हा शब्द आजच्यासारखा प्रत्येक पुढाऱ्याच्या तोंडी नव्हता. देशभरातल्या मेकॅनिकलच्या कित्येक पिढ्या ते पुस्तक वाचून उन्हाकडे हिशेबाच्या नजरेनं बघायला शिकल्या. ऊन किती पडतं, त्यातलं किती पकडता येतं, किती निसटतं आणि का निसटतं, हे आकड्यात मांडायची सवय त्यांना लागली. आज धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा आहे, शेजारी ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्यांची रांग आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्या अनेकांच्या शिक्षणात कुठे ना कुठे त्या पुस्तकाचं पान असणार.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. आपण शिकवलेली मुलं जातात कुठे, हा प्रश्न त्यांनी भाषणात विचारून सोडून दिला नाही. तो मोजायला घेतला. १९७३ ते १९७७ या काळात आयआयटी मुंबईतून बी.टेक. झालेल्यांचा माग काढला, तेव्हा साधारण तीस टक्के परदेशात स्थायिक झालेले आढळले. पुढे १९९४ साली त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिलं. आपल्याच संस्थेच्या फळाबद्दलची अडचणीची गोष्ट आकड्यांसकट लोकांपुढे ठेवायला छाती लागते. माझ्या मते प्राध्यापकाचा वारसा म्हणतात तो इथे दिसतो.

आणि तिसरी. २०११ साली त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये देशाच्या विजेचा हिशेब मांडला. माणशी वर्षाला २००० युनिट, म्हणजे काटकसरीनं जगायला पुरेल इतकीच वीज धरली. २०७० पर्यंत लोकसंख्या १७० कोटींवर स्थिरावेल असं मानलं. गरज निघाली वर्षाला ३४०० अब्ज युनिटांची, आणि सगळ्या नवीकरणीय स्रोतांची मिळून क्षमता निघाली १२२९ अब्ज युनिटांची. ज्या माणसानं आयुष्यभर सौरऊर्जा शिकवली त्यानंच सांगितलं, की हे एकटं पुरणार नाही. पुढच्याच वर्षी नवी माहिती हाती आल्यावर त्यांनी तोच हिशेब पुन्हा तपासून सुधारित स्वरूपात छापला. त्या निष्कर्षाशी आज कुणी वाद घालेल, घालावाही. मला भावतो तो क्रम. आधी माणसाला किती लागतं ते विचारायचं, मग यंत्राकडे वळायचं.

आता कुणी म्हणेल, आयआयटीचं उदाहरण आमच्या बांभोरी, फैजपूर, शिरपूर, धुळ्याच्या महाविद्यालयांना कशाला? तिथे पैसा वेगळा, मुलं वेगळी, प्रयोगशाळा वेगळ्या. मान्य. पण वर सांगितलेल्या तिन्ही कामांपैकी एकालाही महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो प्रश्न, आणि प्रश्नांच्या बाबतीत खानदेश श्रीमंत आहे.

नंदुरबारचंच घ्या. मिरचीची मोठी बाजारपेठ. हंगामात ओली लाल मिरची येते आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत पडते. लांबून लाल चादर अंथरल्यासारखं दिसणारं ते दृश्य दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतं. आणि अवकाळी पाऊस झाला की त्याच पथारीवर भिजलेल्या, काळ्या पडलेल्या मिरचीचाही फोटो येतो. व्यापारी नुकसानीचा आकडा सांगतात, पंचनाम्याची मागणी होते, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हा प्रश्न मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कागद-पेन देऊन सोडवायला लावता येतो. शंभर किलो ओली मिरची घ्या. त्यात पंचाहत्तर टक्के पाणी धरू. म्हणजे घन भाग पंचवीस किलो. वाळून दहा टक्के ओलावा राहायला हवा असेल तर शेवटी सुमारे अठ्ठावीस किलो माल उरतो. बहात्तर किलो पाणी उडवायचं आहे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला अंदाजे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. गुणाकार केला तर एक लाख बहात्तर हजार आठशे किलोज्यूल, विजेच्या भाषेत ४८ युनिट. हिवाळ्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला पाचेक युनिट ऊन पडतं असं धरलं आणि आपल्या ड्रायरनं त्यातलं तीस टक्के कामाला लावलं, तर हातात दीड युनिट येतं. अठ्ठेचाळीस भागिले दीड, बत्तीस. म्हणजे एका क्विंटलला एका दिवसात वाळवायचं तर बत्तीस चौरस मीटरचा ड्रायर हवा, तीन दिवस दिले तर अकरा चौरस मीटरचा.

हिशेब इथे थांबवला तर मुलगा टाळ्या वाजवून सोलर ड्रायरचं मॉडेल करून मोकळा होईल. चांगला शिक्षक त्याला पुढे ढकलतो. अरे, पथारीवर एका वेळी पाचशे क्विंटल माल पडतो असं धर. मग? दहा दिवसांत वाळवायचा म्हटलं तरी सोळाशे चौरस मीटरचा ड्रायर लागेल. त्याचा खर्च कोण करणार, आणि वर्षातले उरलेले महिने तो कशाला वापरणार? मग लक्षात येतं की सगळं पाणी ड्रायरमध्ये उडवायचा हट्टच चुकीचा आहे. वरवरचं पाणी उघड्या जमिनीवर फुकटात जातं. त्रास देतं ते आतलं, शेवटी शेवटी हळूहळू बाहेर येणारं पाणी. मग ड्रायर फक्त शेवटच्या टप्प्यासाठी ठेवावा का? की ड्रायर बाजूला ठेवून पाऊस आला तर दोन माणसांना दहा मिनिटांत ओढता येईल आणि खालून हवा खेळती राहील असं आच्छादनच करावं? तापमान साठ अंशांच्या फार वर गेलं तर रंग काळवंडतो आणि मिरचीचा भाव रंगावर ठरतो, हे त्याला पाठ्यपुस्तकात एका ओळीत मिळेल. पथारीवरचा माणूस ते नुसत्या नजरेनं दाखवून देईल.

पण मुलांना घेऊन खरोखर तिथे गेलेल्या प्राध्यापकाला आणखी एक गोष्ट दिसते. पथारीवर बायका दिवसभर मिरचीचे देठ खुडत बसलेल्या असतात. हाताची आग होते, शिंका थांबत नाहीत, पदर नाकाला बांधून काम चालू असतं आणि मजुरी वजनावर. वाळवणीचा प्रश्न घेऊन गेलेला विद्यार्थी तिथे बसला तर त्याला कळेल की या पथारीवरचं पहिलं यंत्र कदाचित देठ काढण्याचं असायला हवं. आणि मग दुसरा, अवघड प्रश्न उभा राहील, की ते यंत्र आल्यावर या बायकांच्या मजुरीचं काय. मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नाही. मेकॅनिकलच्या प्राध्यापकाच्या मनात तो असायलाच हवा.

अशी माणसं आपल्याकडे झालीच नाहीत असं नाही. मला शिकवायला असे एक सर होते. त्यांचं नाव इथे घेत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. ओरलला समोर बसवून ते व्याख्या विचारत नसत. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात तिथे, डबल रोलर यंत्राच्या कातडी रोलरवरच्या खाचा का झिजतात, झिजल्या की रुई कमी का निघते, रोलर गरम होतो ती उष्णता येते कुठून, असं विचारत. उत्तर आलं नाही तर म्हणत, "उद्या जिनमध्ये जाऊन ये, मग मार्क देतो." एकदा आमच्या वर्गातल्या मुलांनी प्रोजेक्ट प्रदर्शनात पुण्याहून विकत आणलेलं चकचकीत मॉडेल ठेवलं होतं. सरांनी बाहेरून एका शेतकरी नानांना बोलावून आणलं आणि मुलांना म्हणाले, यांना समजावून सांगा. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अहिराणीत विचारलं, "हाई आमना कामनं शे का?" म्हणजे, हे आमच्या कामाचं आहे का? कुणाकडेच उत्तर नव्हतं. सर रागावले नाहीत. त्या गटाला त्यांनी नव्यानं विषय दिला, पऱ्हाटी उपटायचा चिमटा. कापूस वेचून झाला की वाळलेली पऱ्हाटी मुळासकट उपटताना कंबर आणि तळहात यांचं काय होतं हे ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. दांड्याची लांबी किती, टेकू कुठे, दाताचा कोन किती म्हणजे खोड निसटणार नाही आणि तुटणारही नाही, यावर ती मुलं दोन महिने झगडली. त्यातला एक आज स्वतःचं शेतीअवजारांचं छोटं वर्कशॉप चालवतो.

या सरांची बढती वर्षानुवर्षं अडकून राहिली, कारण शोधनिबंध कमी पडले.

इथे मूळ प्रश्नाकडे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१० च्या नियमावलीनं प्राध्यापकांसाठी एपीआय नावाची गुणपद्धत आणली. हेतू वाईट नव्हता. नुसत्या सेवाज्येष्ठतेवर बढती मिळू नये, काम दिसावं, हा होता. पण गुण कागदाला मिळायला लागले की कागदाचा कारखाना निघतो, आणि तसा तो निघाला. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. त्यांना आवर घालायला २०१९ मध्ये 'केअर' नावाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, आणि २०२५ मध्ये यूजीसीनं ती यादीही बंद केली. तांत्रिक शिक्षणातल्या बढतीच्या अटींतही शोधनिबंध ठाण मांडून आहेत. पंधरा वर्षं आपण कागद कसा मोजायचा यावर भांडलो. पथारीवर, जिनमध्ये, डाळमिलमध्ये घालवलेला वेळ कसा मोजायचा, याची चर्चा सुरूसुद्धा झाली नाही.

संशोधनाच्या विरोधात मी नाही. सुखात्मे हे मोठे संशोधकच होते. पण त्यांच्याकडे आधी प्रश्न असायचा, मग निबंध व्हायचा. आपल्याकडे आधी निबंध पाहिजे असतो, म्हणून कुठून तरी प्रश्न आणला जातो. जर्मनीतल्या एखाद्या मिश्रधातूवरच्या निबंधाची चौथी नक्कल भुसावळच्या मुलानं करण्यापेक्षा, केळीचा घड काढल्यावर बांधावर पडणाऱ्या खोडातून धागा काढणारं यंत्र बाईला एकटीला चालवता येईल असं कसं करायचं, यावर त्यानं डोकं लावलं तर त्यातूनही निबंध निघेलच. रावेर-यावलच्या पट्ट्यात त्या खोडांना काय तोटा आहे?

पालकांची बाजू मला कळते. कर्ज काढून फी भरणाऱ्या शेतकऱ्याला चार वर्षांनी मुलाच्या हातात पगार दिसला पाहिजे. कॉम्प्युटरवाल्याला तो लवकर दिसतो, मेकॅनिकलवाला चाकणला ट्रेनी म्हणून तुटपुंज्या पगारावर लागतो, हे सगळ्यांना दिसतंय. त्यांचा हिशेब चूक नाही. मुलाला मेकॅनिकलला घाला असं त्यांना नुसतं सांगून काही होणार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण त्या तुटपुंज्या पगारामागचं एक कारण असं की आपण त्याला चार वर्षांत यंत्राजवळ पुरेसं नेलंच नाही. जळगावची डाळ, पाईप आणि ठिबक, चोपडा-धरणगावच्या बाजूचं जिनिंग, धुळ्याचे यंत्रमाग आणि तेलगिरण्या, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, भुसावळची रेल्वे, वरणगावचा दारूगोळा कारखाना. इतकी यंत्रं चालत असलेल्या मुलखात मेकॅनिकलला काम नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही. काम आहे. त्या कामाची आणि महाविद्यालयाची ओळख नाही, आणि ती करून देणारा माणूस म्हणजे प्राध्यापक.

ओळख करून द्यायला माणूस एका जागी टिकावा लागतो, आणि मला सगळ्यात जास्त चिंता याचीच वाटते. जिल्ह्यातल्या कारखानदाराचा, शेतकऱ्याचा विश्वास बसायला वर्षं जातात. आज विनाअनुदानित महाविद्यालयांतून कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर किंवा अकरा महिन्यांच्या करारावर काम करतात, पगार महिनोन्‌महिने थकतात, वेतन आयोग फक्त नियुक्तीपत्रात असतो. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली, म्हणून खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या घरात इंजिनिअर झाले. त्या निर्णयाचे उपकार मी मानतो. पण ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेच माहीत नाही, त्याच्याकडून वारशाची अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? वर्कशॉपमधला इन्स्ट्रक्टर तर या सगळ्याच्याही खाली. लेथवर टूल कसं धरायचं हे मुलं त्याच्याकडून शिकतात, आणि विभागाच्या फोटोत तो शेवटच्या रांगेत उभा असतो.

मागण्या साध्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा महाविद्यालयाच्या पातळीवरच करता येतील. जिल्ह्यातल्या एखाद्या यंत्राचा किंवा प्रक्रियेचा प्रश्न सोडवून तो तीन वर्षं वापरात राहिला, हे वापरणाऱ्यानं लिहून दिलं तर बढतीच्या वेळी ते शोधनिबंधाच्या बरोबरीचं धरा; राज्य सरकारनं आणि एआयसीटीईनं त्याला नियमात जागा द्यावी. विकतचे प्रोजेक्ट बंद करा आणि शेवटच्या वर्षाचा प्रत्येक प्रोजेक्ट कुणा खऱ्या माणसाच्या तक्रारीवरून निघाला पाहिजे असा नियम करा. इन्स्ट्रक्टरचं नाव प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर गाइडच्या शेजारी छापा. आणि सुखात्म्यांनी पवईत जे केलं ते इथे करा. दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली आपली मेकॅनिकलची तुकडी आज कुठे आहे, किती पुण्याला, किती गावात, किती शाखा सोडून गेले, हे शोधून जसं निघेल तसं जाहीर करा. कॅम्पस प्लेसमेंटचे फलक चौकाचौकांत लागतात. दहा वर्षांनंतरचा असा हिशेब खानदेशातल्या कुठल्या महाविद्यालयानं लोकांपुढे ठेवलेला अजून माझ्या पाहण्यात नाही.

हे एका वर्षात होण्यासारखं नसेल, पण सुरुवात याच वर्षी होऊ शकते. प्रोजेक्टच्या विषयांची वाटणी पावसाळ्यात होते आणि नंदुरबारात ओल्या मिरचीची आवक दसऱ्याच्या आसपास सुरू होते. मधल्या दोन-अडीच महिन्यांत धुळे, शिरपूर किंवा नंदुरबारच्या एखाद्या विभागप्रमुखानं चार मुलं, एक इन्स्ट्रक्टर आणि एक वजनकाटा घेऊन बाजार समितीत जायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.